‘हे कोणासाठी उघडं आहे?’ : लहान पेढीच्या नेटवर्कचं सिक्युरिटी स्कॅन पहिल्यांदा करताना

रंगपंचमीला इंदूरात राजवाड्यावर गेर (रंग उधळणारी मिरवणूक) निघते आणि बाजार बंद असतो. आमची औषधांची घाऊक पेढी दवा बाजारात, गोदाम सांवेर रोडला. दोन वर्षांपूर्वी त्या सुटीतच कोणीतरी आमच्या बिलिंगच्या संगणकात शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन उघडलं, तर प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला जोडलेली होती, ती पण गेली. अकरा दिवसांपूर्वी पेनड्राइव्हवर घेतलेली एक प्रत कपाटात होती, तिच्यावर धंदा तरला. मधल्या अकरा दिवसांची बिलं आम्ही तिघांनी कागदी चलनांवरून पुन्हा भरली. नऊ संध्याकाळी लागल्या.

शिरायला वाट कुठून मिळाली ते नंतर कळलं. सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीसाठी आलेल्या एका बाहेरच्या माणसाने राउटरमधून रिमोट डेस्कटॉपची वाट उघडून ठेवली होती, म्हणजे त्याला घरी बसून काम करता यावं. काम संपलं, वाट तशीच राहिली. आमच्यापैकी कोणी ती उघडली नव्हती, म्हणून ती आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. साध्या स्कॅनमध्ये ती दहा मिनिटांत दिसली असती.

मी बी.कॉम. केलेलं, पेढीत हिशेब सांभाळते. त्या रंगपंचमीनंतर संगणकांची जबाबदारी मी मागून घेतली आणि स्कॅन करायला शिकले. दहा ते तीस संगणक, एखादा सर्व्हर, कॅमेरे, प्रिंटर आणि हजेरीचं मशीन असलेल्या दुकानात, कारखान्यात किंवा ऑफिसात ‘कॉम्प्युटरचं तू बघ’ असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक सूचना आधीच. लेखात आकडे देवनागरीत आहेत. संगणकात टाइप करताना इंग्रजी आकडेच वापरा.

आधी तीन स्कॅन वेगळे ओळखा

‘आमच्याकडे अँटिव्हायरस आहे, रोज स्कॅन होतो,’ असं मला अजूनही ऐकायला मिळतं. अँटिव्हायरस त्या एका मशीनच्या आत घुसलेला वाईट प्रोग्राम शोधतो. पोर्ट स्कॅन बाहेर उभा राहून बघतो की कोणत्या मशीनची कोणती दारं उघडी आहेत. व्हल्नरेबिलिटी स्कॅन त्याच्या पुढे जातो: त्या दारामागचा प्रोग्राम कोणता, किती जुना, त्यातला कोणता दोष आधीच जगजाहीर आहे, हे तपासतो. तिन्ही लागतात. आमचा अँटिव्हायरस रंगपंचमीलाही चालू होता. आत आलेल्याकडे पासवर्ड होता, आणि आत आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते अँटिव्हायरस बंद करण्याचं.

काय काय जवळ हवं

- मालकाची सहीची लेखी परवानगी
- राउटरचा ॲडमिन पासवर्ड; तो इंटरनेटवाल्याकडेच असेल तर आधी मागून घ्या
- इंटरनेट जोडणीचं शेवटचं बिल. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता, घेतला असेल तर त्यावर दिसतो
- कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), हजेरीचं मशीन आणि प्रिंटर ज्यांनी बसवले त्यांचे फोन नंबर
- एक बरा लॅपटॉप आणि नेटवर्कची केबल
- खोल स्कॅनसाठी एक सुटा संगणक, ८ जीबी रॅमचा
- जाड वही. हे काम वहीशिवाय करू नका
- ताजा बॅकअप, मशीनपासून सोडवून कपाटात ठेवलेला

१. परवानगी कागदावर घ्या

स्कॅन म्हणजे दुसऱ्याच्या दाराची कडी हलवून पाहणं. दार आपलं असेल तर ती काळजी, दुसऱ्याचं असेल तर आगळीक. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरलं तर भरपाई द्यावी लागते. तेच काम लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही नोकरीत असलात तरी नेटवर्क तुमचं नाही, मालकाचं आहे.

आमच्या शेठजींकडून मी एवढंच लिहून घेतलं: ‘पेढीच्या दवा बाजार व सांवेर रोड येथील नेटवर्कचं सुरक्षा स्कॅन अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत करण्यास परवानगी आहे. स्कॅनमुळे एखादं यंत्र थोडा वेळ बंद पडू शकतं, याची कल्पना आहे.’ सही, तारीख, शिक्का. दुसरं वाक्य गाळू नका. पहिल्याच स्कॅनला हजेरीचं मशीन बंद पडलं, तेव्हा ते वाक्यच कामी आलं.

ज्या इमारतीत तीन ऑफिसांनी मिळून एकच इंटरनेट घेतलं असेल, तिथे बाकीच्या दोघांना सांगितल्याशिवाय सुरुवात करू नका.

२. स्कॅनच्या आधी वहीत यादी करा

पायी फिरा. प्रत्येक टेबलाखाली वाका, नेटवर्कच्या स्विचला (सगळ्या केबली जिथे जोडतात तो डबा) लागलेली प्रत्येक केबल कुठे जाते ते बघा. वहीत रकाने आखा: वस्तू, जागा, कोण वापरतं, कधी बसवली, विंडोज कोणतं. मोबाइल सोडून सगळं लिहा.

ही यादी आधीच का करायची, यावर माझं ठाम मत आहे. आधी स्कॅन केला की पडद्यावर जे येईल ते माणूस मान्य करून टाकतो. आधी यादी केली असेल तर स्कॅन आणि वही यांतला फरक समोर येतो, आणि सगळा धोका त्या फरकातच लपलेला असतो. माझ्या वहीत १९ वस्तू होत्या. स्कॅनमध्ये ३१ निघाल्या. बारा-तेरा मोबाइल असतील असं मी धरून चालले होते. पण त्यांत एक जुना डीव्हीआर होता, जो ‘काढून टाकला’ म्हणून मला सांगितलेलं. तो माळ्यावर चालूच होता. काउंटरखाली लेबल छापायच्या प्रिंटरसाठी ठेवलेला विंडोज ७ चा संगणक होता. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं आहे. आणि गोदामातल्या मुलांनी मोबाइलसाठी स्वतः आणून लावलेला एक वायफाय राउटर होता, त्याचा पासवर्ड डब्यावर छापलेलाच.

३. साधन बसवा: एनमॅप आणि झेनमॅप

एनमॅप फुकट आहे, १९९७ पासून चालत आलेलं आहे आणि जगभर याच कामासाठी वापरलं जातं. झेनमॅप म्हणजे त्याचंच बटणं आणि खिडक्या असलेलं रूप. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये दोन्ही सोबतच येतात. मध्येच एनपीकॅप नावाची एक वस्तू बसवू का, असं विचारेल. हो म्हणा, तिच्याशिवाय स्कॅन नीट होत नाही.

सापळा इथेच आहे. इन्स्टॉलर फक्त एनमॅपच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. शोधयंत्रात वर येणाऱ्या जाहिरातीवरून किंवा ‘क्रॅक केलेलं’ म्हणून कोणी पेनड्राइव्हवर दिलेलं काहीही बसवू नका. फुकट वस्तूची क्रॅक केलेली प्रत कोणी देत असेल, तर त्यात त्याने स्वतःचं काहीतरी घातलेलं असणार. आणि तुमच्या संगणकावरचा अँटिव्हायरस एनमॅपबद्दल तक्रार करू शकतो, कारण चोरही हेच साधन वापरतात. इन्स्टॉलर मूळ जागेवरून घेतलेला असेल तर त्या एका फोल्डरला सूट द्या. अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नका.

४. पहिली गणती: पिंग स्कॅन

लॅपटॉप केबलने मुख्य स्विचला जोडा. पाहुण्यांच्या वायफायवरून स्कॅन केलात तर बहुतेक वेळा फक्त राउटर दिसेल, कारण तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. मग ‘आमच्याकडे सगळं छान आहे’ असा चुकीचा समज होतो.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. आपला पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, दिसतो. पत्ता १९२.१६८.१.२५ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर झेनमॅपच्या टार्गेटच्या रकान्यात १९२.१६८.१.०/२४ लिहायचं. याचा अर्थ त्या गल्लीतली २५४ घरं. प्रोफाइलमध्ये पिंग स्कॅन निवडा आणि स्कॅनचं बटण दाबा. मिनिटभरात यादी येते.

एकाच स्विचवर असताना एनमॅप नुसती हाक मारत नाही, तर एआरपी नावाची खालच्या पातळीची विचारणा करतो. त्यामुळे पिंगला उत्तर न देणारी मशीनही सापडतात. हे फक्त त्याच गल्लीत चालतं. गोदाम वेगळ्या राउटरमागे असेल तर इथून फार तर त्याचा राउटर दिसेल, आतली मशीन दिसणार नाहीत. त्यासाठी लॅपटॉप घेऊन तिकडेच जावं लागतं. मी पहिल्या वेळी दुकानातूनच सगळं झालं असं समजले आणि सांवेर रोडचे चार संगणक तीन महिने तसेच राहिले.

प्रत्येक पत्त्यासमोर मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव येतं. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव दिसलं की कॅमेरा किंवा डीव्हीआर, प्रिंटरच्या कंपनीचं दिसलं की प्रिंटर, असं ताडता येतं. काही पत्त्यांसमोर कंपनीच येत नाही. घाबरू नका. हल्लीचे मोबाइल वायफायवर स्वतःचा खरा मॅक लपवून बनावट देतात, त्यामुळे बहुतेक वेळा तो मोबाइल असतो. ‘बहुतेक’ म्हटलं आहे. खात्री करायची सोपी रीत: दुपारच्या सुटीत स्कॅन करा आणि रात्री सगळे गेल्यावर पुन्हा करा. रात्री जे उरलं ते मोबाइल नाही.

प्रत्येक ओळ वहीशी जुळवा. जे जुळत नाही त्याला लाल पेनने गोल करा आणि ते प्रत्यक्ष हाताला लागेपर्यंत शोधा. कसं सापडेना तर स्विचमधली एकेक केबल काढून बघा, कोणती काढल्यावर तो पत्ता नाहीसा होतो ते. वेळ जातो, पण दुसरा इलाज नाही.

५. उघडी दारं मोजा

आता प्रोफाइल बदलून इंटेन्स स्कॅन. प्रत्येक मशीनला ६५,५३५ टीसीपी पोर्ट, म्हणजे नेटवर्ककडची क्रमांक दिलेली दारं, असतात. एनमॅप साधारणपणे त्यांतले सर्वांत वापरातले १,००० तपासतो. पहिल्या खेपेला तेवढे पुरे. सर्व्हर आणि राउटर या दोघांसाठी मात्र ‘ऑल टीसीपी पोर्ट्स’ हे प्रोफाइल लावा.

हे रविवारी किंवा दुकान बंद झाल्यावर करा. हजेरीची मशीनं, जुने डीव्हीआर, वजनकाटे, लेबल प्रिंटर ही नाजूक प्रजा आहे. एकदम इतके प्रश्न आले की अडकून बसतात. बंद करून चालू केलं की बहुधा उठतात. प्रिंटर ९१०० या पोर्टवर जे येईल ते छापत सुटतो, म्हणून एनमॅप प्रोग्रामची ओळख विचारताना तो पोर्ट स्वतःहूनच वगळतो. तरी कागदाचा ट्रे काढून ठेवलेला बरा.

निकालात तीन शब्द येतील. ओपन म्हणजे दार उघडं, आत कोणीतरी उत्तर देतंय. क्लोज्ड म्हणजे मशीन जागं आहे पण त्या दारामागे कोणी नाही. फिल्टर्ड म्हणजे मध्ये फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी भिंत) उभी आहे. आपलं लक्ष ओपनवर. प्रत्येक ओपनसमोर वहीत एकच प्रश्न लिहायचा: हे कोणासाठी उघडं आहे? उत्तरात माणसाचं नाव किंवा काम आलं पाहिजे. ‘पहिल्यापासून आहे’ हे उत्तर नाही.

व्यापारी ऑफिसात हमखास निघणारी दारं सांगते.

४४५ म्हणजे विंडोजचं फाइल शेअरिंग. टॅलीचा डेटा शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असेल तर सर्व्हरवर हे उघडं असणारच. पण बाकीच्या प्रत्येक संगणकावर ते कशाला? आमच्याकडे नऊ संगणकांवर होतं, गरज एकावर. त्या एकावरही ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार दिलेले होते, म्हणजे कोणाच्याही मशीनवर आलेला व्हायरस हिशेबाच्या फाइली पुसू शकला असता. शेअरिंगची जुनी पद्धत एसएमबी १ चालू सापडली तर त्याच दिवशी बंद करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तो याच वाटेने, आणि त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिलेली होती. दोन महिने हातात होते. ज्यांनी अपडेट लावला नाही ते सापडले.

३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप. आमचा घात याच दाराने झाला. आतल्या नेटवर्कमध्ये लागत असेल तर ठराविक संगणकावरूनच चालेल असं बांधून घ्या. बाहेरून हवा असेल तर व्हीपीएनच्या, म्हणजे ओळख पटवून आत घेणाऱ्या खासगी वाटेच्या, मागे ठेवा. पोर्टचा नंबर बदलून ठेवला की झालं, असं कोणी सांगेल. स्कॅन करणाऱ्याला बदललेला नंबर शोधायला काही मिनिटं पुरतात.

१४३३ म्हणजे एसक्यूएल सर्व्हर, ३३०६ म्हणजे मायएसक्यूएल; दोन्ही डेटा साठवणारे प्रोग्राम. औषधांच्या आणि किराण्याच्या बिलिंगची बरीच सॉफ्टवेअरं यांवर चालतात, आणि बसवणारा पासवर्ड अनेकदा सगळ्या ग्राहकांकडे एकच ठेवतो. त्याला फोन करून स्पष्ट विचारा आणि पासवर्ड त्याच्याकडूनच बदलून घ्या. स्वतः बदललात तर बिलिंग बंद पडेल.

९००० हा टॅलीचा स्वतःचा पोर्ट. दुसऱ्या सॉफ्टवेअरला टॅलीशी बोलायचं असेल तरच लागतो. तसं काही जोडलेलं नसेल तर टॅलीच्या सेटिंगमधून बंद करा.

४३७० वर बहुतेक हजेरीची मशीनं बोलतात. ५५४ हा कॅमेऱ्याच्या चित्राचा पोर्ट. ही दोन्ही बहुधा बंद करता येत नाहीत, पण पासवर्ड बदलता येतो आणि त्यांना बिलिंगपासून वेगळ्या जाळ्यात टाकता येतं.

२३ म्हणजे टेलनेट, दुरून आज्ञा देण्याची जुनी, असुरक्षित पद्धत. हा उघडा दिसला की थांबा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रामने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांची फौज उभी केली, ती याच दाराने आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून. उपकरणात टेलनेट बंद करायची सोय नसेल तर ते उपकरण बदलण्याचा खर्च शेठजींसमोर ठेवा. माळ्यावरचा आमचा डीव्हीआर असाच निघाला. त्याची वायर मी स्वतः काढली.

स्कॅन संपला की फाइल तारखेच्या नावाने सेव्ह करा.

६. बाहेरून बघा, पण पत्ता आपलाच आहे ना हे तपासून

आतून सगळं झाल्यावर रस्त्यावर उभं राहून दुकानाकडे बघायचं. राउटरमध्ये लॉगिन करून तीन जागा उघडा: पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आतल्या मशीनकडे जाणाऱ्या वाटा), यूपीएनपी आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर चालवण्याची सोय, गरज नसेल तर बंद). पोर्ट फॉरवर्डिंगमधल्या प्रत्येक ओळीला तोच प्रश्न विचारा. उत्तर नसेल ती ओळ आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग काढून टाका. यूपीएनपी चालू असेल तर आतलं एखादं उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरची वाट उघडू शकतं. ऑफिसात ते बंदच असावं.

मग लॅपटॉपला मोबाइलचं इंटरनेट देऊन आपल्या बाहेरच्या पत्त्यावर स्कॅन लावायचा. इथे मोठा सापळा आहे, नीट वाचा. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या संकेतस्थळावर ऑफिसच्या इंटरनेटवरून दिसणारा पत्ता, हे दोन्ही एकच असतील तरच तो पत्ता तुमचा. वॅन पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर इंटरनेटवाल्याने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. त्यावर स्कॅन लावलात तर तुम्ही अनोळखी लोकांची दारं हलवाल. अशा वेळी बाहेरचा स्कॅन करूच नका. राउटरमधल्या तीन जागा तपासल्या तेवढं पुरे. स्टॅटिक आयपी नसेल तर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो, म्हणून स्कॅनच्या अगदी आधी तपासा.

निकालात उत्तम चित्र म्हणजे एकही ओपन नाही.

७. खोल स्कॅन: ग्रीनबोन

पोर्ट स्कॅनने दारं सांगितली, आता कड्या-कुलपं. यासाठी ग्रीनबोनची फुकट कम्युनिटी आवृत्ती आहे; जुनी माणसं तिला ओपनवास म्हणतात. नेसस नावाचं साधन २००५ मध्ये खुलं राहिलं नाही, तेव्हा त्याच्या जुन्या खुल्या रूपातून हे उभं राहिलं. ते विंडोजऐवजी लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतं, म्हणून सुटा संगणक लागतो. सुरक्षा तपासणीसाठी बनवलेल्या काली लिनक्सवर बसवणं त्यातल्या त्यात सोपं.

बसवताना नवख्यांना अडवणाऱ्या दोन गोष्टी. सेटअप संपताना ॲडमिनचा पासवर्ड पडद्यावर एका ओळीत येतो, आजूबाजूला शेकडो ओळी असतात. तो तिथेच लिहून घ्या. दुसरी, दोषांची यादी म्हणजे फीड उतरायला काही तास लागतात. ती पूर्ण उतरण्याआधी स्कॅन लावला तर अहवाल रिकामा येतो आणि माणूस खूश होतो. मी सेटअप संध्याकाळी लावून घरी गेले, सकाळी येऊन पुढचं केलं.

टार्गेटमध्ये सगळी गल्ली एकदम देऊ नका. आधी एक संगणक, मग सर्व्हर, मग बाकीचे पाच-पाच. स्कॅनचा प्रकार ‘फुल अँड फास्ट’. नाजूक प्रजा पहिल्या खेपेला वगळा.

नुसत्या बाहेरून केलेल्या स्कॅनला संगणकात कोणता ब्राउझर किती जुना आहे ते दिसत नाही. त्यासाठी लॉगिन द्यावं लागतं आणि विंडोजवर रिमोट रजिस्ट्री ही सेवा तेवढ्यापुरती चालू करावी लागते. फरक खूप पडतो. आमच्या एका संगणकावर लॉगिनशिवाय चार दोष निघाले, लॉगिन देऊन साठाच्या वर. या कामासाठी वेगळं खातं बनवा आणि स्कॅन झाल्यावर त्याच दिवशी बंद करा. मालकाचं किंवा तुमचं रोजचं लॉगिन स्कॅनरला देऊ नका.

८. अहवाल वाचताना

पहिला अहवाल बघून पोटात गोळा येतो. लाल, नारिंगी, शंभर-दीडशे ओळी. मी तो तीन दिवस बंद करून ठेवला होता. तसं करू नका. त्यातल्या बहुतेक ओळींची मुळं चार-पाचच असतात. एका मशीनचा विंडोज अपडेट लागला की एकदम वीस ओळी जातात.

प्रत्येक दोषाला शून्य ते दहा गुण असतात. ९ पासून वर क्रिटिकल, ७ ते ८.९ हाय, ४ ते ६.९ मिडियम, त्याखाली लो. पण गुण पाहून वरून खाली जाणं बरोबर नाही. कपाटातल्या सुट्या मशीनवरचा ९.८ पेक्षा इंटरनेटकडे तोंड असलेल्या राउटरवरचा ७.५ जास्त घातक. माझा क्रम असा: आधी बाहेरून दिसणारं, मग हिशेबाचा सर्व्हर, मग बाकीचं. या प्रत्येक गटात अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेच्या यादीत असलेले दोष सर्वांत आधी. नोव्हेंबर २०२१ पासून ही संस्था ज्या दोषांचा प्रत्यक्ष गैरवापर झालेला आहे त्यांचीच यादी ठेवते. ती सगळ्यांना खुली आहे. सीव्हीई क्रमांक (प्रत्येक जाहीर दोषाचा ओळख क्रमांक, अहवालात असतो) टाकून शोधता येतं.

खोटे इशारेही येतात. लिनक्सच्या काही प्रकारांत दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत घातली जाते, नंबर तोच राहतो आणि स्कॅनर नंबर बघून ओरडतो. ग्रीनबोन प्रत्येक ओळीसमोर निदान किती भरवशाचं ते टक्क्यांत देतो. ७० टक्क्यांच्या खालचं तो एरवी दाखवतच नाही. तरी शंका आली तर त्या मशीनवर बसून आवृत्ती स्वतः बघा. खोटा ठरवलेला इशारा वहीत कारणासकट लिहा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच वेळ जाईल.

विंडोज १० चं काय, असं सगळे विचारतात. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीची अपडेट योजना घेतलेली नसेल, तर त्या मशीनवर बँकेचं आणि जीएसटीचं काम करू नका.

९. दुरुस्ती, आणि पुन्हा स्कॅन

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत वेळ लिहा. मी एका रविवारी उत्साहाने सहा बदल एकदम केले. सोमवारी बिलं छापणं बंद, आणि सहांपैकी कोणत्यामुळे ते शोधण्यात अर्धा दिवस गेला. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना शेठजींना सुरक्षेचं महत्त्व पटवता येत नाही.

प्रत्येक दोषासमोर माणसाचं नाव आणि तारीख हवी. ‘डीव्हीआर: कॅमेरेवाले, शुक्रवारपर्यंत.’ बाहेरचा माणूस ‘झालं मॅडम’ म्हणाला की तेवढ्या एका पत्त्यावर पुन्हा स्कॅन लावा आणि तो समोर असतानाच निकाल बघा. पैसे नंतर द्या. यात कोणाचा अपमान नाही. चांगले लोक उलट खूश होतात. आमचे कॅमेरेवाले आता स्वतःच विचारतात, ‘ताई, स्कॅन लावला का?’

जे दुरुस्त होतच नाही, त्याला वेगळं काढा. विंडोज ७ चं लेबलवालं मशीन आम्ही नेटवर्कमधून तोडलं. लेबलांची फाइल आता त्याच कामासाठी ठेवलेल्या पेनड्राइव्हवर, आधी तपासून जाते.

१०. स्कॅनमध्ये शिरकावाच्या खुणा दिसल्या तर

अनोळखी मशीन, कोणी न उघडलेला रिमोट डेस्कटॉप, ॲडमिनचं नवं खातं, यांपैकी काही सापडलं तर मशीन फॉरमॅट करू नका. आम्ही घाईने केलं आणि पुरावा गेला. नेटवर्कची केबल काढा, मशीन चालूच ठेवा, पडद्याचे फोटो घ्या. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदला.

खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँक. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे रॅन्समवेअरसारखी (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणं, आमच्याकडे झालं तशी) घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवावी लागते. हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत भागीदारी फर्म आणि एकट्या मालकाची पेढीही येते. त्याच आदेशात लॉग, म्हणजे यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपायला सांगितलं आहे. राउटरचे लॉग बहुधा थोड्या दिवसांत पुसले जातात, म्हणून ते दुसरीकडे साठवण्याची सोय आत्ताच करून ठेवा.

११. पुन्हा कधी

पिंग स्कॅन दर आठवड्याला, चहा होईपर्यंत संपतो. इंटेन्स स्कॅन महिन्याला, खोल स्कॅन तीन महिन्यांनी. यांशिवाय नवं उपकरण बसलं, इंटरनेटवाला बदलला किंवा बाहेरचा कोणी राउटरला हात लावून गेला, की त्याच दिवशी. दिवाळी आणि रंगपंचमीच्या सुटीआधीच्या संध्याकाळी मी बाहेरचा स्कॅन लावतेच.

झेनमॅपच्या टूल्समध्ये दोन निकालांची तुलना करायची सोय आहे. मागच्या महिन्याची आणि या महिन्याची फाइल दिली की नवं काय उघडलं आणि काय बंद झालं ते रंगात वेगळं दिसतं. पहिल्या तीन महिन्यांनंतर मी पूर्ण अहवाल वाचत नाही, ही तुलनाच वाचते.

या सगळ्या फाइली म्हणजे तुमच्या पेढीच्या कच्च्या जागांचा नकाशा आहे. ईमेलने पाठवू नका, व्हॉट्सॲपवर टाकू नका, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका. माझ्याकडे त्या पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर, वहीसोबत, शेठजींच्या तिजोरीत असतात.